भुसावळला झोपलेला फोटोग्राफर

सुरुवात एका भांडणापासून करतो. भांडण आमच्या विंगमधलं, त्यामुळे फार गंभीर नव्हतं. पण त्यातूनच हा लेख निघाला.

आमचा एक सिनियर पुढच्या शिक्षणासाठी युरोपात गेला आहे. त्याने मागच्या दिवाळीनंतर प्राग शहरातले फोटो पाठवले. नदीवरचा जुना दगडी चार्ल्स ब्रिज, दोन्ही बाजूंनी पुतळे, खाली धुकं आणि मागे टेकडीवरचा किल्ला. नुसते फोटो पाठवून तो थांबला नाही, तर कोणत्या जागी उभं राहायचं, किती वाजता जायचं, उजेड कोणत्या बाजूने येतो, हेही सविस्तर लिहिलं होतं. पहाटे गेलं तर पूल रिकामा मिळतो, एकदा ऊन वर आलं की गर्दीत पाय ठेवायला जागा नसते, वगैरे. आम्ही आठ पोट्टे एका मोबाईलवर डोकी घालून ते पाहत होतो. तेवढ्यात एकजण बोलून गेला की आपल्याकडे काय आहे बावा, उन्हाळा अन् सोयाबीन!

झालं, परतवाड्याचा मित्र एकदम उखडला. त्याने तिथल्या तिथे वही काढली आणि यादीच सुरू केली. चिखलदऱ्याचा पंचबोल पॉइंट, देवी पॉइंट, भीमकुंड, गाविलगडाचे दरवाजे, पावसाळ्यात मुक्तागिरीचा धबधबा. अकोटच्या बाजूचा म्हणून मी नरनाळ्याचा महाकाली दरवाजा घातला. बुलढाण्याच्या पोट्ट्याने लोणारचं सरोवर घातलं आणि लगेच अजिंठ्याचा व्ह्यू पॉइंटही घातला. इथे खरं भांडण लागलं. अजिंठा वऱ्हाडात कुठे आहे? तो तर मराठवाड्यात! बुलढाणेकर मात्र हटला नाही. त्याचं म्हणणं, आमच्या बुलढाण्याहून अजिंठा जेवढा जवळ आहे, तेवढं अमरावतीसुद्धा नाही.

भांडण मिटवायचं म्हणून मी सहज विचारलं की या जागांचे फोटो पहिल्यांदा काढले तरी कोणी असतील? सगळे गप्प झाले. कोणीतरी म्हणालं, असेल कोणी इंग्रज. ते खरंच निघालं. त्या इंग्रजाचं नाव मेजर रॉबर्ट गिल. अजिंठा-लोणारचे अगदी सुरुवातीचे फोटो त्याने काढलेले आहेत. आणि आपण ज्या रेल्वेने घरी जातो, त्याच रेल्वेच्या एका स्टेशनच्या गावात तो कायमचा झोपलेला आहे, हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं.

गिलचा जन्म 1804 सालचा. तरुणपणी तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासच्या फौजेत अधिकारी म्हणून भारतात आला. हात मात्र चित्रकाराचा होता. त्या काळी फौजेतल्या अधिकाऱ्यांना नकाशे आणि रेखाटनं काढता यावी लागत, कारण कॅमेरा नावाची वस्तूच नव्हती. आपल्या स्थापत्य शाखेच्या मुलांना सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला शीट काढताना जो घाम फुटतो, तो या लोकांना रोजचाच होता म्हणा ना.

आता थोडं मागे जाऊ. 1819 साली जॉन स्मिथ नावाचा मद्रास फौजेतला अधिकारी शिकारीला म्हणून अजिंठ्याच्या डोंगरात गेला. वाघूर नदीच्या वळणावर, समोरच्या कड्यात, त्याला झाडोऱ्याआड लेण्याची कमान दिसली. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली, ती अजून दाखवतात. (असले प्रताप आपण आज करू नयेत, ही विनंती!) पुढे जेम्स फर्ग्युसन या वास्तुकलेच्या अभ्यासकाने ही लेणी पाहिली आणि 1843 मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. चित्रं झपाट्याने खराब होत आहेत, ती नष्ट होण्याआधी त्यांच्या नकला करून घ्या, असा त्याचा आग्रह होता. कंपनीने तो मानला आणि 1844 मध्ये हे काम कॅप्टन रॉबर्ट गिलकडे सोपवलं. तेव्हा तो चाळिशीला टेकला होता.

ज्या वयात माणूस बंगला बांधून स्थिर होतो, त्या वयात हा बावा अजिंठा गावी येऊन राहिला. हा सगळा मुलूख तेव्हा निजामाचा. लेणी गावापासून दहाएक किलोमीटर दूर, घाट उतरून खाली. आज आपण फर्दापूरच्या फाट्यावरून बसमध्ये बसतो आणि पायऱ्या चढताना धापा टाकतो. तेव्हा ना रस्ता, ना पायऱ्या. लेण्यांत वटवाघळं, मधमाश्यांची मोहोळं, आजूबाजूला वाघांचं जंगल. आत अंधार इतका की दिवसाचा थोडाच वेळ काम करता यावं. पहिलं, दुसरं, सोळावं आणि सतरावं या लेण्यांमधली चित्रं भिंतभर आणि छतभर. गिलने ती कॅनव्हासवर तैलरंगात मोठ्या आकारात उतरवायला घेतली. एकेक कॅनव्हास म्हणजे आपल्या हॉस्टेलच्या खोलीच्या भिंतीवर मावणार नाही एवढा. काम चाललं जवळपास वीस वर्षं. दोन डझनांहून अधिक मोठी चित्रं तयार झाली आणि टप्प्याटप्प्याने जहाजाने लंडनला गेली.

गिलचं नाव निघालं की आपल्याकडे पारोचं नाव निघतंच. ना. धों. महानोरांचं अजिंठा हे दीर्घकाव्य आणि त्यावर नितीन चंद्रकांत देसाईंनी 2012 मध्ये काढलेला सिनेमा यामुळे ही गोष्ट घरोघरी गेली. सिनेमा पाहून आमच्या विंगमध्ये दोन दिवस कोणी अभ्यास केला नव्हता. पण सिनेमा बाजूला ठेवून सांगायचं तर आपल्या हाती पक्कं फार थोडं आहे. गिलचं आधी लग्न झालेलं होतं, मुलं होती. पारो ही इथलीच मुलगी आणि तिच्यावर त्याचा जीव होता. 23 मे 1856 रोजी ती वारली. अजिंठा गावात तिची कबर आहे, तिच्यावर गिलने आपल्या प्रिय पारोच्या आठवणीचा दगड बसवला आणि त्यावर ही तारीख कोरली. एका फौजी अधिकाऱ्याने त्या काळात एका गावातल्या बाईचं नाव उघडपणे दगडावर कोरावं, ही गोष्ट लहान नाही. बाकीचं महानोरांनी कवितेत सांगितलं आहे, तिथेच वाचावं.

याच 1856 च्या सुमारास गिलने कॅमेरा हातात घेतला. वय पन्नाशी ओलांडलेलं. आणि कॅमेरा म्हणजे आजच्यासारखं बटण दाबलं अन् झालं, असं नव्हतं. त्या काळी जी रीत चालू होती ती वाचून मला तर केमिस्ट्रीची लॅबच आठवली. एक स्वच्छ काच घ्यायची, तिच्यावर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण सारखं पसरायचं, मग ती अंधारात सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची. काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच अंधाऱ्या तंबूत नेऊन डेव्हलप करायची. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत. काच वाळली की फोटो गेला. कोलोडियनमध्ये ईथर असतं, ते उन्हात भराभर उडून जातं. आता आपल्या इकडच्या एप्रिल-मे महिन्याचा विचार करा. अकोल्यात ओला रुमाल डोक्यावर टाकला तर चौकापर्यंत जाईतो वाळतो. तिथे काच किती वेळ ओली राहणार? म्हणजे फोटो काढायच्या जागेपर्यंत कॅमेरा, काचा, औषधांच्या बाटल्या, पाणी आणि तंबू असा सगळा बारदाना नेल्याशिवाय एकही फोटो निघायचा नाही.

मग प्रश्न येतो की कॅमेरा होता तर लेण्यातल्या चित्रांचे फोटोच का नाही काढले? वीस वर्षं ब्रश कशाला घासायचा? हा प्रश्न मलाही पडला आणि उत्तर शोधताना मजा आली. एक तर रंगीत फोटो तेव्हा नव्हताच. दुसरं म्हणजे त्या काचेला सगळे रंग दिसायचे नाहीत. निळा प्रकाश तिला चटकन कळायचा, पिवळा आणि लाल जवळजवळ कळायचाच नाही. आणि अजिंठ्याच्या चित्रांत भरपूर काय आहे? गेरू आणि पिवळी माती! म्हणजे जे डोळ्याला सगळ्यात जिवंत दिसतं तेच फोटोत काळं येणार. त्यात आतला अंधार. म्हणून चित्रांसाठी ब्रश आणि लेण्यांचं बांधकाम, खांब, मूर्ती, कमानी यांसाठी कॅमेरा, अशी वाटणी झाली. सरकारच्या दृष्टीने खरं काम ब्रशचं होतं. कॅमेरा हे त्याच्या जोडीचं काम.

गिलचे बरेच फोटो स्टिरिओ प्रकारचे आहेत. म्हणजे दोन भिंगांनी, आपल्या दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर असतं साधारण तेवढं अंतर ठेवून, एकाच दृश्याचे दोन फोटो घ्यायचे. मग ते जोडीने एका चष्म्यासारख्या यंत्रातून पाहिले की चित्राला खोली येते. पुढचा खांब पुढे आणि मागचा मागे दिसतो. आजच्या थ्री-डी सिनेमाचा पणजोबाच म्हणा. लंडनमधल्या दिवाणखान्यात बसलेल्या माणसाला अजिंठ्याच्या लेण्यात शिरल्यासारखं वाटायचं ते यामुळे.

1864 मध्ये या फोटोंची दोन पुस्तकं लंडनला निघाली. एकात भारतातल्या कोरीव लेण्यांचे 74 फोटो आणि दुसऱ्यात पश्चिम भारतातली वास्तुकला आणि प्राणिसृष्टी यांचे 100 स्टिरिओ फोटो. मजकूर फर्ग्युसनचा, फोटो मेजर गिलचे. फोटो छापण्याची सोय नसल्याने खरे फोटो पुस्तकाच्या पानांवर चिकटवत असत. गिल शिकारीही होता, त्यामुळे दुसऱ्या पुस्तकात देवळांच्या जोडीला जंगली जनावरंही आहेत. आज आपल्याला ते पटणार नाही, पण त्या काळच्या साहेबाला त्यात वावगं वाटत नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे.

कॅमेरा घेऊन गिल आपल्या वऱ्हाडातही फिरला. लोणारची आणि बुलढाण्याकडची जुनी देवळं त्याने टिपली. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या ताब्यात होतं, म्हणजे डोंगराच्या त्या बाजूला निजाम आणि या बाजूला इंग्रज. लोणारचं सरोवर म्हणजे उल्का आदळून बसाल्टमध्ये पडलेलं सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर. गिलच्या काळात ते उल्केमुळे झालं हे ठरलेलं नव्हतं. 2020 च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळ्या देशाने त्याचे फोटो पाहिले. त्याच्या शंभर-दीडशे वर्षं आधी कोणीतरी काचेच्या पेट्या घेऊन त्या काठावर उभा होता, हे मात्र कोणी सांगितलं नाही.

आता या गोष्टीतला सगळ्यात वाईट भाग.

लंडनच्या 1851 च्या जागतिक प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टनने लोखंड आणि काच वापरून क्रिस्टल पॅलेस उभारला होता. सारख्या मापाचे सुटे भाग कारखान्यात तयार करून आणायचे आणि जागेवर जोडायचे, अशी ती इमारत. नंतर ती उचलून सिडनहॅम या भागात पुन्हा उभी केली. गिलची अजिंठ्याची चित्रं तिथेच मांडलेली होती. 30 डिसेंबर 1866 रोजी तिथे आग लागली. काच आणि लोखंड जळत नाही असं आपल्याला वाटतं, पण आत जे असतं ते जळतं. गिलची बहुतेक सगळी चित्रं त्या आगीत गेली. वीस वर्षांच्या कामातली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी चित्रं उरली, ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

विचार करा, ही बातमी अजिंठ्याला पोहोचायला किती दिवस लागले असतील! बासष्ट वर्षांचा माणूस. आपलं एक सबमिशन हरवलं तर आपण दोन दिवस जेवत नाही. त्याला काय वाटलं असेल हे मी लिहू शकत नाही. एवढं माहीत आहे की तो इथून उठून गेला नाही. पुढेही याच भागात राहिला. वय झालं, आजारपण आलं आणि 10 एप्रिल 1879 रोजी भुसावळजवळ त्याचा मृत्यू झाला. भुसावळच्या युरोपियन कबरस्तानात त्याला पुरलं. पारोची कबर अजिंठ्याला आणि याची भुसावळला. नकाशावर सरळ रेघ मारली तर मध्ये साठेक किलोमीटर अंतर.

गिलनंतर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी 1872 पासून पुन्हा नकला करायला बसले. 1885 मध्ये लंडनला पुन्हा आग लागली आणि त्यातलीही बरीच चित्रं जळाली! नशिबाने ग्रिफिथ्सचा ग्रंथ पुढे छापून निघाला. मूळ चित्रं मात्र दीड हजार वर्षांनंतरही त्याच भिंतींवर आहेत, कुठे पोपडे निघालेली, कुठे काळवंडलेली. आणि गिलचे फोटो टिकले. ज्याला जोडीचं काम समजत होते तेच टिकलं. कारण साधं आहे. कॅनव्हास एकच असतो. काचेच्या एका निगेटिव्हवरून कितीही प्रती काढता येतात, त्या वेगवेगळ्या घरांत, पुस्तकांत, ग्रंथालयांत जातात. एका जागी आग लागली तरी दुसरीकडची प्रत राहते.

हे मी इतकं खात्रीने सांगतो त्याला कारण आहे. सेकंड इयरला असताना आम्ही पाचजण नरनाळ्याला गेलो होतो. वाटेत अकोटजवळ आमच्या गावी थांबलो. आजीने सगळ्यांना भाकर, झुणका आणि ठेचा वाढला. दिवसभरात आम्ही तीनशेच्या वर फोटो काढले. त्यातला एक आमच्या घराच्या जुन्या सागवानी दरवाजाचा. कोपऱ्यात आजी उभी, पदर सावरत, कायले फोटो काढतं रे म्हणून रागावलेली. ती फ्रेममध्ये चुकून आली होती. मी सगळे फोटो हार्ड डिस्कवर टाकले, मोबाईल रिकामा केला आणि महिन्याभरात ती डिस्क कॉटवरून पडली. दुकानात दाखवलं, काही निघालं नाही. तेव्हा मला नरनाळ्याच्या फोटोंचं वाईट वाटलं होतं.

चैत्रात आजी गेली. तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो शोधला तर घरात आधार कार्डावरच्या फोटोशिवाय एकही धड नव्हता. तेव्हा रूम पार्टनरला आठवलं की दरवाजाचं कोरीवकाम पाहायला म्हणून मी त्याला तो एक फोटो पाठवला होता. त्याच्या मोबाईलमध्ये तो होता. लहानसा, दाबून बारीक झालेला. कोपरा कापून मोठा केला तर चेहरा थोडा फुटला. तोच आता घरी भिंतीवर आहे. आई रोज त्याला हार घालते.

या हिवाळ्यात आम्ही तिघे अजिंठ्याला गेलो. लेण्यांत शिरण्याआधी सकाळी समोरच्या डोंगरावरच्या व्ह्यू पॉइंटवर गेलो. खाली वाघूरचं वळण आणि घोड्याच्या नालेसारख्या कड्यात ओळीने कोरलेली लेणी. नेहमीप्रमाणे दहा मिनिटांत शंभर फोटो झाले. मग मीच सगळ्यांना म्हटलं की मोबाईल खिशात ठेवा, अन् एका प्लेटला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ, म्हणजे पंधरा मिनिटं, नुसतं पहा. सुरुवातीला हसले. मग पाचव्या-सहाव्या मिनिटाला ऊन कड्याच्या कडेवरून खाली सरकलं आणि एकेका लेण्याचा दरवाजा अंधारातून वर आल्यासारखा दिसू लागला. कोणी काही बोललं नाही. शेवटी एकच फोटो काढला आणि तो तिथल्या तिथे तिघांच्याही मोबाईलमध्ये टाकला. संध्याकाळी अजिंठा गावात पारोच्या कबरीपाशी थोडं थांबलो आणि परतलो.

तर राजेहो, परतवाड्याच्या मित्राची ती यादी आता आमच्या विंगच्या नोटीस बोर्डवर लावलेली आहे. कोणती जागा, कोणता महिना, सकाळी की संध्याकाळी, सगळं प्रागवाल्या सिनियरसारखं लिहिलं आहे. अजिंठा कोणाचा हे भांडण अजून मिटलेलं नाही. पण यादीच्या शेवटी एक जागा सगळ्यांच्या संमतीने घातली आहे. भुसावळ. बडनेऱ्याहून किंवा अकोल्याहून मुंबईकडे जाताना गाडी तिथे थांबते, आपण चहा अन् केळी घ्यायला उतरतो. त्या जागेपुढे वेळ आणि उजेडाचा रकाना मोकळा ठेवला आहे. तिथे फोटो काढण्यासारखं काही नाही. त्याच्या गावावरून आपण जात आहोत, एवढी आठवण ठेवायची.

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी